आटलेले शब्द

इंग्रजी शब्द चारोटी नाका ओलांडून आमच्याकडे आला की त्याला एकच नोकरी लागते आणि मरेपर्यंत तो तीच करतो, असं आमचे सर म्हणायचे. बाहेरच्या जगात त्याला दहा कामं येत असतील, इथे त्याला एकच टेबल, एकच खुर्ची. 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान. 'बॉटल' म्हणजे सलाइन. 'कंपनी' म्हणजे जिथे सकाळी बस भरून माणसं जातात ती. 'फॉरेस्ट' म्हणजे जंगलसुद्धा नाही, खाकी कपड्यातला तो एक इसम. "फॉरेस्ट येतोय, लाकडं आत घे" असं कुणी ओरडलं की सर वडापच्या जीपमध्ये बसल्या बसल्या कपाळावर हात मारून घ्यायचे. "एवढं मोठं अरण्य," म्हणायचे, "आणि शेवटी एका माणसाच्या टोपीत मावलं."

सर कासाजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी मराठी. त्यामुळे त्यांनी पहिल्या दिवसापासून माझं नावच 'मराठी' ठेवलं. "काय मराठी, जेवलात का?" "मराठी, खडू आहे का एखादा?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

मी घाटावरचा. नोकरी लागली तेव्हा मला राहायला जागा मिळेना. सर म्हणाले, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, वरोरला." वरोर म्हणजे समुद्रकाठ आणि कासा म्हणजे आत डोंगराच्या अंगाला, मधे वाणगाव, चारोटी असा लांबचा पल्ला. इतक्या लांब कशाला राहायचं, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, की सरांना भाडेकरू नको होता, मोटरसायकल हवी होती. दोन गाड्या बदलत जायचा त्यांना कंटाळा आला होता. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या मागे छत्री आडवी धरून बसले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसत राहिले.

सामान घेऊन गेलो त्या संध्याकाळी मी नाकाला रुमाल लावला होता. अंगणात बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवलेले. "वास येतोय का?" सरांनी विचारलं. मी कसनुसा हसून हो म्हणालो. झालं! सर दारातच सुरू झाले. "कसला वास? नुसता वास म्हणू नका. मोगऱ्याला पण वास असतो. पूर्वी चांगल्या-वाईट दोन्हीला वासच म्हणायचे. तुम्ही मराठीवाल्यांनी तो बिचारा शब्द गटारात नेऊन सोडलात." मी हातात वळकटी घेऊन उभा. तेवढ्यात आतून काकी आल्या. काकी म्हणजे सरांच्या बायको. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला खवले चिकटलेले.

"आधी घरात तर घ्या त्यांना," त्या म्हणाल्या. "भाऊ, वासाचं काय नाय. चार दिवस येतो, मग आपणच वासात जातो."

काकी वरोरच्याच. त्यांच्या माहेरच्या बोटी होत्या. सरांचा बापही बोटीवरचाच, पण सरांना लहानपणी बोट लागायची म्हणून त्यांना शाळेत घातलं. निदान काकी तरी असंच सांगायच्या. मास्तरांची बायको झाल्या म्हणून त्यांनी आपला धंदा सोडला नव्हता. बोंबील वाळवायच्या आणि वाणगावच्या बाजाराला न्यायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या दोघांत जो दिवसभर वाद चालायचा तेवढ्यानं घर भरून जायचं.

"आज माझी पार्टी येणार हाय," काकी म्हणायच्या.

"पार्टी म्हणजे?" सर वाट बघत बसलेलेच.

"पार्टी म्हणजे जी माल उचलते ती."

"पार्टी म्हणजे पक्ष. पार्टी म्हणजे मेजवानी. पार्टी म्हणजे करारातली एक बाजू."

"ती सगळी माणसं बोंबील घेतात काय? नाय ना? मग मला कशाला सांगता?"

सर या प्रकाराला 'आटणं' म्हणायचे. शब्द मरत नाही, आटतो. उन्हाळ्यात विहीर आटते तसा. आधी बुडी मारावी एवढं पाणी, शेवटी तळाशी वाटीभर. आणि हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही, खुद्द इंग्रजांच्या घरातही होतं, हे ते सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा दिलासा असायचा. 'मीट' म्हणजे एके काळी कुठलंही खाणं, आता फक्त मांस. 'हाउंड' म्हणजे कुठलाही कुत्रा, आता फक्त शिकारी. 'स्टार्व्ह' म्हणजे नुसतं मरणं, कशानंही; आता फक्त उपाशी मरणं. 'डिअर' म्हणजे कुठलंही जनावर, आता फक्त हरीण.

हे हरणाचं त्यांनी मला गाडीवर सांगितलं. मी मागे न बघता म्हणालो, "सर, आमचा मृग पण तसाच. मृग म्हणजे कुठलाही पशू. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि माकडाला शाखामृग." सरांनी माझ्या खांद्यावर एवढ्या जोरात थाप मारली की गाडी खड्ड्यात गेली. "म्हणजे तिथे पण हरीणच उरलं? तिकडे पण आणि इकडे पण?" ते दिवसभर ज्याला-त्याला हेच सांगत सुटले होते. शिपायालासुद्धा.

संध्याकाळी काकींना सांगितलं. काकी चुलीपाशी दूध ढवळत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आटलं म्हणजे वाईटच झालं काय? हे दूध आटतंय. त्याची बासुंदी होईल." सर पाट ओढून चुलीपाशी बसले. असे ते फार क्वचित हरायचे. मी मुकाट्यानं बासुंदी खाल्ली.

शाळेत मुलांना सर आवडायचे, पण थोडे घाबरूनच. सर आधी तलासरीकडे उधव्याला होते, गुजरातच्या हद्दीजवळ. तिथली एक गोष्ट ते स्वतःच सांगायचे. घड्याळ शिकवताना त्यांनी फळ्यावर 'क्वार्टर पास्ट फोर' लिहिलं आणि अख्खा वर्ग खाली माना घालून फिदीफिदी हसायला लागला. क्वार्टर म्हणजे काय, हे त्या पोरांना हद्दीपलीकडून येणाऱ्या पाहुण्यांमुळे चांगलंच ठाऊक होतं. "वेळेचा पाव भाग गेला आणि बाटलीचा राहिला," सर म्हणायचे. हसत सांगायचे, पण त्यांना त्याचं वाईट वाटत असणार. कारण नंतर ते कायम 'फिफ्टीन मिनिट्स पास्ट' शिकवायचे.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला. पाचवीला शरीराच्या अवयवांचा धडा होता. एकेकानं उभं राहून छातीवर हात ठेवून 'धिस इज माय बॉडी' म्हणायचं. एक मुलगी उठली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"म्हण."

"मी नाय बोलायची सर. बॉडी नाय बोलायची."

वर्गात कुणी हसलं नाही. शाळेसमोरच्या रस्त्यानं जीप दवाखान्याकडे जातात. हायवेला काही झालं की "बॉडी आली, बॉडी आली" म्हणत सगळा बाजार तिकडे पळतो. त्या मुलीच्या काकाला असंच आणलं होतं, हे मला नंतर कळलं. सरांना बहुधा तेव्हाच कळलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं. पळायला लावलं, उड्या मारायला लावल्या. स्वतः धोतराचा काचा मारावा तशी पँट वर ओढून त्यांच्याबरोबर पळाले. "धाप लागते ना? ती बॉडी! घाम येतो ना? ती बॉडी! भूक लागली? ती पण बॉडीलाच लागते!" हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, "सर, हा पीटीचा तास आहे का?" सर धापा टाकत म्हणाले, "नाही, इंग्रजीचा."

परत वर्गात आल्यावर त्या मुलीला पुन्हा उभं केलं. तिनं छातीवर हात ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "धिस इज मी."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "बस खाली."

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कोळीवाड्यात तर फारच कडक. माणूस समुद्रावर जाणारा, त्याच्या तोंडून 'जातो' कुणी ऐकून घेत नाही. सरांना हा नियम अजिबात मान्य नव्हता. "गेले म्हणजे मेले, एवढंच उरलं का?" ते म्हणायचे. "जाणं केवढा मोठा शब्द! नदी जाते, दिवस जातो, पोरगी शाळेत जाते. एका मरणाच्या भीतीनं तुम्ही तो अख्खा शब्द पुरून ठेवलात. इंग्रजीला काय बोलायचं, आपणच आपली विहीर आटवली." म्हणून ते हट्टानं 'जातो' म्हणायचे. स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांनाही त्यांनी तीच सवय लावली होती. कुणी 'येतो सर' म्हटलं की, "येताय कुठे? जाताय ना? मग जातो म्हणा." कटकट नको म्हणून आम्ही म्हणायचो.

पण घरी त्यांची डाळ शिजत नव्हती. रोज सकाळी मी फाटकाबाहेर गाडी चालू करून उभा. सर पायरीवर येऊन छत्री काखेला मारायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "जातो गं!"

आणि वलांडीपासून नाहीतर मोरीतून नाहीतर चुलीपासून, जिथे असतील तिथून काकींचा आवाज यायचा, "येतो बोला!"

"'बोला' नाही, 'म्हणा'," सर गाडीवर बसता बसता पुटपुटायचे. "बोलणं वेगळं, म्हणणं वेगळं."

एक दिवस चुकला नाही. पावसात, सणाला, भांडण झालेलं असताना सुद्धा. काकी बोलत नसल्या तरी तेवढे दोन शब्द बोलायच्याच. लग्न झाल्यापासून हे चाललं होतं म्हणे. सरांनी एकदाही 'येतो' म्हटलं नव्हतं आणि काकींनी एकदाही सोडलं नव्हतं. मी पाच-सहा महिन्यांत इतका सरावलो की तो आवाज आल्याशिवाय माझा पाय गिअरवर पडत नसे.

त्या वर्षी माघात काकींचं पोट दुखायला लागलं. आधी घरचे काढे झाले, मग कासाला दाखवलं, तिथून तपासायला वापीला जायला सांगितलं. होळीच्या आधी आम्ही तिघं भाड्याच्या गाडीनं वापीला गेलो. डॉक्टरांनी काकींना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. बराच वेळ ते फिल्मवर पेनानं दाखवत बोलले. सगळं पसरलेलं होतं. शेवटी सरांनी विचारलं, "आम्ही काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

या वाक्याचा अर्थ समजायला कुठलाही शब्दकोश लागत नाही. सर उठले, शर्टाच्या बाह्या सरळ केल्या आणि दारापाशी थांबून मला म्हणाले, "मराठी, खडे आहेत. लक्षात ठेवा. पित्ताचे खडे. गोळ्यांनी विरघळतील. तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती आजपासूनच मरायला लागेल."

बाहेर काकींनी विचारलं, "एवढा वेळ काय सांगत होता?"

"इंग्रजीत सांगत होता," सर म्हणाले. "मला समजून घ्यायला वेळ लागला."

काकी पोट धरून हसल्या. परत येताना तलासरीच्या पुढे रस्त्याकडेला एक बाई ताडगोळे विकत होती. काकी म्हणाल्या, घ्या दोन-चार. सरांनी गाडी थांबवली आणि टोपलीतले होते नव्हते ते सगळे घेतले. "एवढे कोण खाणार?" काकी म्हणाल्या. "तू," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो मला बघवत नव्हता.

रात्री जेवताना मी हळूच म्हटलं, सर, काही दिवस रजा टाका. सरांनी नकारार्थी मान हलवली. अंगणात आल्यावर म्हणाले, "बापाच्या बाराव्याला रजा टाकली नाही मी. आता टाकली तर तिला दुसरं काही सांगावं लागणारच नाही. सगळं रोजच्यासारखं चाललं पाहिजे." खरंच त्यांनी तसं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुर केली. चष्मा हरवला म्हणून आरडाओरडा केला, चष्मा कपाळावरच होता. कुठल्याशा शब्दावरून वाद उकरून काढला. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. बरं चाललं होतं नाटक.

मी गाडी चालू केली. काकी वलांडीपाशी पाटावर बसून टोपलीतले बोंबील जोडत होत्या. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवायचा आणि दोरीवर टाकायचा. सर पायरीवर आले. छत्री काखेला मारली. काकींकडे बघत क्षणभर उभे राहिले.

"येतो," ते म्हणाले.

काकींचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं नाही. मग पुढचा बोंबील उचलला.

सर येऊन माझ्या मागे बसले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी गाडी पुढे काढली. वाणगावचं फाटक बंद होतं, तिथे आम्ही थांबलो. एक मालगाडी संथ चालली होती. अचानक सरांच्या हाताची पकड माझ्या खांद्यावर घट्ट झाली.

"मराठी, मी मघाशी काय म्हणालो?"

"सर..."

"निघताना. काय म्हणालो मी?"

"येतो म्हणालात."

मालगाडी संपली, फाटक उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सर खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हातातली छत्री त्यांनी दोनदा उघडली आणि मिटली. ढग नव्हते, ऊनही फारसं नव्हतं.

"परत जायचं का?" मी विचारलं.

"परत जाऊन काय सांगू? चुकून म्हणालो?" ते म्हणाले. मग स्वतःशीच, "तिचं लक्ष नव्हतं. हातात काम होतं. नाही का? लक्ष असतं तर काहीतरी बोलली असती." मी म्हटलं, "हो सर, लक्ष नसणार." दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी त्यांनी सगळे तास घेतले. मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तर काकी नेहमीसारख्या. उशीर झाला म्हणून आम्हा दोघांना झापलं, ताडगोळे सोलून समोर ठेवले. सरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते आंघोळीला गेले तेव्हा काकी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, खडे नायत ना?"

मी पाट पुढे सरकवला.

"मला विचारायचं पण नव्हतं. सकाळी मास्तर येतो बोलले," काकी म्हणाल्या. "माझा भाऊ बोटीसकट गेला, त्या दिवशी पण हा माणूस येतो बोलला नव्हता. मी किती भांडले, किती रडले. तेव्हा नाय बोलला आणि आज आपल्या आपण बोलला. मग मला कळायला डॉक्टर कशाला हवा?" मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे बघितलं. "त्यांना सांगू नका हां, मला कळलं म्हणून. एवढं नाटक करतायत बिचारे. करू दे. तेवढाच त्यांना आधार."

मी हो म्हणालो. आणि मग एकटाच समुद्रावर जाऊन खूप रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढचे महिने त्या घरात रोज खडे विरघळत होते. सर रोज संध्याकाळी विचारायचे, "कमी वाटतंय ना?" काकी म्हणायच्या, "थोडं विरघळलंसं वाटतं." वलांड्या उतरल्या, पाऊस आला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. काकी पडवीतल्या खाटेवर आल्या, मग आतल्या. सर रोज पायरीवर येऊन 'जातो गं!' म्हणायचे, पूर्वीपेक्षा मोठ्यानं. आतून उत्तर येत नसे. मला वाटायचं, काकींच्या अंगात ओरडायची ताकद राहिली नाही.

शेवटी श्वास लागायला लागला तेव्हा डहाणूला एका दवाखान्यात ठेवलं. नारळी पुनवेच्या आधी, दुपारच्या वेळी काकी गेल्या. तिथला एक माणूस बाहेर आला आणि विचारायला लागला, "बॉडी कुठे न्यायची? अँब्युलन्सवाल्याला सांगायचंय." मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता सर या माणसाला मैदानावर नेऊन पळवणार. निदान दुरुस्त तरी करणार.

"वरोरला," सर म्हणाले.

बारावं-तेरावं झाल्यावर सर शाळेला निघाले. मी गाडी चालू करून उभा होतो. ते पायरीवर आले, छत्री काखेला मारली, दार ओढून कुलूप लावलं आणि येऊन मागे बसले. काहीच म्हणाले नाहीत. जातो नाही, येतो नाही. शब्दांबद्दल सुद्धा मग त्यांचं बोलणं कमी होत गेलं. स्टाफरूममध्ये कुणी काही म्हटलं तरी खिडकीबाहेर बघत बसायचे. पुढे ते निवृत्त झाले, माझी बदली तलासरीला झाली, लग्न झालं. फोन व्हायचे. सरांना फोनवर बोलता येत नसे, ते फोनवर ओरडायचे.

यंदा शिमग्याच्या सुट्टीत मी वरोरला गेलो. अंगणात वलांड्या होत्या, बोंबील होते. शेजारणीला जागा दिली आहे म्हणाले. नुसतं अंगण बघवत नाही. सर खूप वाळले होते. आम्ही पडवीत बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर ते एकदम म्हणाले, "मराठी, तिला कळलं होतं."

मी त्यांच्याकडे वळलो.

"त्या दिवशी मी चुकलो ना, फाटकापाशी आपण थांबलो होतो बघा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठ्यानं 'जातो' म्हणालो. म्हटलं, कालचं पुसून जाईल. पायरीवर उभा राहिलो. तुम्ही गाडी तापवत होता. मी वाट बघितली. ती तिथे, वलांडीपाशीच होती, माझ्याकडे बघून हसली पण. पण 'येतो बोला' म्हणाली नाही. लग्न झाल्यापासून ज्या बाईनं एक दिवस सोडलं नाही, तिनं त्या दिवशी मला नुसतं जाऊ दिलं." सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तेव्हाच कळलं मला, की हिला कळलंय. मग रोज ओरडत राहिलो जातो-जातो म्हणून. तिला वाटावं, की तिला कळलंय हे मला कळलेलं नाही."

मग मी सांगितलं. आता कुणाला दिलेला शब्द पाळायचा? म्हटलं, "सर, मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

सरांनी अंगणाकडे बघितलं. शेजारीण अंगणात येऊन बोंबील काढायला लागली होती.

"म्हणजे घरात तीन माणसं," ते म्हणाले, "आणि तिघांनाही माहीत. मग आपण लपवत होतो कुणापासून? केवढं बोलता आलं असतं हो. इतके महिने होते. मी नुसते खडे विचारत बसलो."

त्यांना रडू आलं. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "सर, काकी म्हणायच्या ना, आटलं म्हणजे वाईटच असं नाही." त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली, की पुरे करा म्हणून, ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळानं ते उठले, आत गेले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. साखर फार झाली होती.

ऊन उतरलं तसा मी निघालो. सर आत कपबशा विसळत होते. मी चपला घातल्या, फाटकाबाहेर येऊन गाडी चालू केली आणि त्यांच्याबरोबर काढलेल्या वर्षांच्या सवयीनं, काही विचार न करता ओरडलो, "जातो सर!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"येतो बोला!" आतून सर म्हणाले.

मी गाडी बंद केली, फाटकापाशी परत आलो आणि येतो बोललो.